फिरते स्टूल डुगडुगू लागले तर

ओट्यापाशी बसून भाजी चिरायला हल्ली बऱ्याच घरांत उंच फिरते स्टूल असते. त्याची बैठक कलू लागली, तर लगेच भंगारात देऊ नका आणि तसेच वापरूही नका. एवढ्या उंचीवरून अम्मी किंवा दादी पडल्या, तर हाड मोडायला वेळ लागत नाही.

स्टूल उलटे करा. बैठकीखाली दोन पत्र्यांची फिरती चकती असते, मध्ये छर्रे असतात. आधी सगळे स्क्रू आवळा. स्क्रू नुसताच फिरला, तर प्लायचे भोक मोठे झाले आहे. आगकाड्यांचे गुल काढून त्या फेव्हिकॉलसह भोकात ठोका, एक दिवस वाळू द्या, मग स्क्रू बसवा. नुसती करकर असेल, तर छर्ऱ्यांना ग्रीस लावा. खायचे तेल चिकट होऊन धूळ धरते.

स्क्रू घट्ट असूनही वरचा पत्रा डुगडुगला, तर चकती झिजली आहे. तारेने बांधून भागवू नका. जुनी चकती हार्डवेअरच्या दुकानात नेऊन भोके जुळणारी नवी घ्या.

इस्राफ टाळावा, म्हणून स्टूल जपा. पण झिजलेल्या चकतीत काटकसर करून घरच्यांचा जीव धोक्यात घालू नका.