पाणथळीवर गोल्फ नकोच

मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या उन्हातून सुटून आम्ही मेव्हण्याकडे नवी मुंबईला गेलो. खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोचं गोल्फ मैदान आहे. तिथे भल्या सकाळी त्याच्याबरोबर खेळताना खूप मजा आली. पण खरी सुट्टी सार्थकी लागली ती नेरूळला, एनआरआय वसाहतीमागच्या तलावे पाणथळीवर. भरतीची वेळ होती. ठाणे खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की रोहित पक्षी इथल्या उथळ पाण्यात टेकायला येतात. काठाजवळच्या एकाने मान वाकवली, चोच चक्क उलटी करून पाण्यात बुडवली आणि पायांनी गाळ ढवळत, पाणी गाळत सावकाश खात राहिला. धाकटी तर हलायलाच तयार नव्हती! याच जागी गोल्फ मैदान आणि इमारती उठायच्या होत्या. पर्यावरणप्रेमींनी कोर्टाची पायरी चढली आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझं मत सरळ आहे: खाडीकाठच्या पाणथळीवर गोल्फ नकोच. खेळायला कोरडी जमीन महाराष्ट्रात हवी तेवढी आहे, रोहितांना भरतीत टेकायला अशी तळी मोजकीच. आणि पाण्याची जागा अडवली की काय होतं, ते आम्हा चंद्रपूरकरांना कुणी शिकवायला नको. इरई नदीकाठी कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे राहिले, पात्र गाळाने भरलं, आणि मोठ्या पावसात नदी सखल वस्त्यांत शिरते.