आधी प्रत, मग प्रयोग

शाळांना सुटी लागली की आमच्या घरातली जुनी कपाटे उघडली जातात. यंदा त्यातून सोनी कंपनीचा पीएसपी निघाला. हातात धरून खेळायचे हे यंत्र आमच्या भावाने 2008 साली जेद्दाहहून आणले होते. त्यातली मूळ प्रणाली कोणीतरी तिथेच बदलून दिली होती. मेमरी कार्डावरचे गेम चालावेत म्हणून त्या काळी असे बदल सर्रास होत.

आमच्या भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्यात नवी प्रणाली टाकायला घेतली. पडद्यावरची पट्टी बराच वेळ हलेना, म्हणून यंत्र अडकले असे समजून त्याने ते मध्येच बंद केले. पुन्हा बटण दाबले तर हिरवा दिवा लागे, पडदा काळाच राही आणि थोड्या वेळाने दिवाही विझे. भाच्याने यंत्र रजयांखाली लपवले. चार दिवसांनी हळूच आमच्याजवळ आला, "मामू, अम्मीला सांगू नका ना!"

"आधी अम्मीला सांगायचे, मग दुरुस्ती," आम्ही म्हणालो.

बहीण रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "आणि अब्बांचे फोटो?"

त्या यंत्राच्या कार्डावर आमच्या मरहूम वडिलांचे फोटो होते. पाणचक्कीच्या हौदाकाठी बसून मासे पाहणारे अब्बा. ज्या मोबाईलने ते काढले तो केव्हाच मोडीत गेला. भाच्याचा चेहरा उतरला. दुरुस्तीसाठी तेच कार्ड त्या रात्री तो कोरे करणार होता.

वाचकहो, हे यंत्र सुरू का होत नाही, ते समजून घेऊ. पीएसपीची प्रणाली आतल्या एका चिपमध्ये असते. ती लिहिली जात असताना मध्येच थांबली तर अर्धवट राहते आणि यंत्राला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. कार्ड मात्र वेगळे असते, त्यावरचे फोटो शाबूत राहतात. यंत्र बंद पडले म्हणजे सगळे गेले असे नव्हे.

यावरचा उपाय 2007 मध्ये हौशी लोकांनी शोधला. पीएसपीच्या बॅटरीतही एक छोटी चिप असते आणि तिच्यावर क्रमांक असतो. तो विशिष्ट क्रमांक असला की यंत्र ती दुरुस्ती केंद्राची बॅटरी समजते आणि आतली चिप सोडून मेमरी कार्डावरून सुरू होते. अशा बॅटरीला 'पॅन्डोरा' हे नाव पडले. पुढे कंपनीने ही वाट बुजवली. 3000 क्रमांकाच्या पीएसपीवर आणि 2000 च्या नंतरच्या काही यंत्रांवर ती बॅटरी चालत नाही. आमचे यंत्र जुने, म्हणून आशा होती.

आम्ही पहिल्यांदा कार्ड लॅपटॉपला लावून फोटो उतरवून घेतले. मग दुसरे कार्ड घेऊन पैठण गेटजवळच्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याच्याकडे तशी बॅटरी होती. घरी बॅटरी उघडण्याचा उद्योग कोणी करू नये, लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. कारागिराने विचारले, "आतल्या चिपची प्रत काढून ठेवली होती का?" नव्हती. दुसऱ्या पीएसपीची प्रत चालली नसती, कारण प्रत्येक यंत्राची काही माहिती त्याची स्वतःचीच असते. ती बदलली तर डिस्क वाचणे किंवा वायफाय बंद पडू शकते. सुदैवाने आमच्या यंत्रातली ती माहिती शाबूत होती, फक्त प्रणाली नव्याने टाकावी लागली. बॅटरी बसवताच यंत्र बटण न दाबता आपोआप सुरू झाले, तेव्हा भाचा उडालाच.

घरी येऊन जुने कार्ड घातले. हौदाकाठचे अब्बा पडद्यावर आले. बहिणीने यंत्र बराच वेळ खाली ठेवले नाही.

मुलांनी यंत्रे उघडू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. हात लावल्याशिवाय कोणी शिकत नाही. पण प्रयोगाआधी प्रत काढायची आणि बिघडले तर त्याच दिवशी घरात सांगायचे, एवढी सवय त्यांना लावू या. आणि सांगायला आलेल्या मुलावर आपण आधी ओरडायचे नाही. आमचा भाचा चार दिवस घाबरून राहिला, त्यात थोडा दोष आम्हा मोठ्यांचाही होताच.

आता ते फोटो तीन ठिकाणी आहेत. तिसरी प्रत भाच्याने स्वतः काढली.