नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

संत्र्याचे पैसे आले की आपल्या रामाकोना-सौंसरकडच्या घरांत त्यातले काही खात्यात राहतात, काहींची एफडी होते. फॉर्म भरताना बँकेतला बाबू विचारतो, "नॉमिनी कोण?" बाबा सांगतात, "मोठ्याचं नाव टाका." दोन मिनिटांत काम होतं. पुढे बाबा गेले की मोठा म्हणतो पैसे माझे, आणि नागपूरला दिलेली ताई विचारते, माझा हिस्सा कुठे?

हा निवाडा बँक करत नाही. नॉमिनीची ओळख पटली की रक्कम त्याच्या हाती देऊन ती मोकळी होते. कायदाच तसा आहे, आणि सहकारी बँकांनाही तो लागू आहे. ताईने शाखेत कितीही अर्ज दिले तरी बँक थांबायला बांधील नाही. ती थांबते न्यायालयाच्या आदेशाने. म्हणून तंटा दिसतच असेल तर अर्जांत दिवस न घालवता वकील गाठावा.

मात्र पैसे हाती आले म्हणजे मालकी आली, असं नाही. आपल्या भिंतीवरचं 'कालनिर्णय' सुरू करणारे जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या एफडी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी होते, मृत्युपत्रही होतं. तरी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला: शेअर-फंडांचा नॉमिनीसुद्धा मालक नाही, वाटणी वारसा कायद्यानेच. बँकेतल्या ठेवींबद्दल हेच न्यायालयाने २०१० मध्ये सांगून ठेवलं होतं. म्हणजे मोठा भाऊ तो पैसा सगळ्यांच्या वतीने सांभाळणारा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू घरात बाबांच्या स्वकमाईत आई, मुलगे, मुली यांचा सारखा वाटा. बाबांची आई हयात असेल तर तिचाही. या आजीला बहुतेक घरं विसरतात!

नॉमिनीच नसेल तर? सप्टेंबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, इतर बँकांत १५ लाखांपर्यंतची रक्कम वारसांना सोप्या कागदपत्रांवर मिळते. पण एका वारसाने जरी हरकत घेतली तरी ही वाट बंद. मग न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा, तोवर पैसा तिथेच.

गावातली सोसायटी ही बँक नव्हे. तिथे मध्य प्रदेशचा १९६० चा सहकारी कायदा आणि तिचे स्वतःचे नियम चालतात. तिथलं नॉमिनीचं नाव वेगळं विचारून घ्यावं लागतं. बँकेत भरलेला फॉर्म तिथे कामाचा नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाची टक्केवारी लिहून. या दिवाळीला घरी गेलात तर बाबांजवळ बसून तो फॉर्म भरा, ताईचंही नाव टाका. लॉकरला मात्र टक्केवारी नाही. तिथे एकामागून एक अशीच नावं लागतात.