वर नेणाऱ्यालाच खाली उतरवायचं?

द्वारकेहून जवाहरलाल नेहरू स्टेडियम गाठायचं तर मेट्रोच्या निळ्या लाइनने मंडी हाउस आणि तिथे गाडी बदलून जांभळी लाइन. सप्टेंबर २०२३ पासून या वाटेने जाणाऱ्या फुटबॉलवेड्यांना एक नवा यजमान मिळाला, पंजाब एफसी. नाव पंजाबचं आणि मैदान दिल्लीचं. फ्रँचायझी शुल्क न भरता, आयलीगचं विजेतेपद मिळवून इंडियन सुपर लीगमध्ये आलेला हा पहिला क्लब. २०१४ साली सुरू झालेल्या या लीगचं दार तोवर पैशाने उघडत होतं. ते खेळाने उघडून दाखवलं ते ग्रीक प्रशिक्षक स्टायकोस व्हर्गेटिस आणि त्याच्या खेळाडूंनी. तरीही दिल्लीत थंडी पडेपर्यंत एकही सामना जिंकता आला नाही, तेव्हा बढती मिळालेल्या कुठल्याही क्लबाच्या पाठीराख्यांमध्ये उठतो तोच प्रश्न इथेही उभा राहिला. माणूस चांगला आहे, पण या पातळीचा आहे का? ठेवायचा की घालवायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. संघाला वर घेऊन येणाऱ्या प्रशिक्षकाला वरच्या लीगमधला पहिला मोसम पूर्ण मिळायला हवा, आणि त्यानंतर एकदा स्वतःच्या पसंतीने संघ बांधण्याची संधीही. उपकारांची फेड म्हणून मी हे म्हणत नाही. कृतज्ञतेचा मुद्दा पुढे केला की वाद तिथेच हरतो, कारण व्यावसायिक फुटबॉलमध्ये कालच्या चषकावर आजचा पगार मागता येत नाही. मुद्दा हिशेबाचा आहे. पहिल्या मोसमाचा गुणतक्ता प्रशिक्षकाबद्दल फार थोडं सांगतो. खेळाडू, पैसा, मैदान आणि वेळापत्रक यांच्याबद्दल बरंच काही सांगतो. आणि हकालपट्टीने यातलं काहीच बदलत नाही.

पंजाबचंच पाहा. २०२२-२३ ची आयलीग या संघाने ५२ गुणांनी जिंकली ती पंचकुलाच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर खेळून. बढती मिळाली आणि घरचं मैदान दिल्लीला गेलं, पाठीराख्यांच्या मुख्य वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूर. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये विरळ प्रेक्षकांसमोर खेळणं म्हणजे घरी खेळणं, असं फक्त वेळापत्रकालाच वाटत असावं. पहिलाच सामना कोलकात्यात मोहन बागानशी, पराभव १-३. डिसेंबरच्या मध्याला चेन्नईयिनवर १-० असा पहिला विजय मिळाला, तोवर निम्मा मोसम सरत आला होता. आणि मग तोच प्रशिक्षक, तेच खेळाडू आणखी पाच सामने जिंकले. मादिह तलालच्या पासवर पुढची फळी गोल करू लागली, शेवटच्या सामन्यात ईस्ट बंगालला ४-१ ने हरवलं आणि २२ सामन्यांत २४ गुणांसह संघ बारा जणांत आठवा आला. बाद फेरीत गेलेल्या सहाव्या चेन्नईयिनचे गुण होते २७, तर पूर्वी ही लीग जिंकलेला बंगळुरू एफसी २२ गुणांवर पंजाबच्या खाली राहिला. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलला असता आणि नंतर हाच सुधारलेला खेळ दिसला असता, तर त्याचं श्रेय आपण डोळे झाकून नव्या माणसाला दिलं असतं. हकालपट्टीची जादू बहुतेक वेळा अशीच असते. संघ तळाला असताना माणूस बदलतो आणि तळाला गेलेला संघ तसाही थोडा वर येतोच.

हे निव्वळ तर्काने म्हणत नाही. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षकबदलांचा अभ्यास केला. बदलानंतर कामगिरी सुधारलेली दिसते, पण तितकीच घसरण होऊनही ज्या क्लबांनी प्रशिक्षक कायम ठेवला त्यांचीही कामगिरी तशीच सुधारते, असं त्यांना आढळलं. इंग्लंडमधलं चित्र तर आणखी बोलकं आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन मोसमांत प्रीमियर लीगमध्ये वर आलेले सहाच्या सहा क्लब त्याच मोसमाअखेर खाली गेले. बर्नलीने कोम्पनीला ठेवलं, लुटनने एडवर्ड्सला, इप्सविचने मॅकेनाला, तिघेही घसरले. शेफील्ड युनायटेडने हेकिंगबॉटमला, साउदम्प्टनने मार्टिनला आणि लेस्टरने कूपरला मध्येच काढलं. तेही तिघे घसरले. ठेवणारे तीन, काढणारे तीन, निकाल एकच. त्यातही कूपर हा लेस्टरला वर घेऊन आलेला माणूस नव्हता. वर आणणारा मारेस्का चेल्सीला निघून गेला होता. म्हणजे नवा माणूस आणला, मग त्याच्याहून नवा आणला आणि तरी तळ गाठला. नॉरिचची कथा याहून मासलेवाईक. डॅनियल फार्केच्या हाताखाली हा क्लब २०२० मध्ये घसरला, त्याला ठेवलं, पुढच्याच वर्षी पुन्हा वर आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघाने मोसमातला पहिला विजय मिळवला आणि काही तासांत फार्केला नारळ दिला. डीन स्मिथ आले, आणि नॉरिच तळाच्या क्रमांकावर राहूनच खाली गेला.

यावर पहिला आक्षेप येतो तो पात्रतेचा. खालच्या लीगमध्ये जिंकून देणं वेगळं, वरच्या लीगमध्ये टिकून राहणं वेगळं. पहिली कला जमणाऱ्याला दुसरी येतेच असं नाही. आक्षेप पोकळ नाही. आयलीगमध्ये पंजाबकडे चेंडू असायचा, लुका मायत्सेनसारखा गोल करणारा असायचा, प्रतिस्पर्धी मागे सरकून खेळायचे. वर आल्यावर हे सगळं उलटं होतं आणि प्रशिक्षकाला आपली पद्धत मोडून घडवावी लागते. पण ती त्याला जमते की नाही हे कळायला त्याच्या हातात वरच्या पातळीचे खेळाडू तर हवेत! मोहम्मेडन स्पोर्टिंगचं उदाहरण घ्या. रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्हने २०२४ मध्ये कोलकात्याच्या या जुन्या क्लबाला आयलीग जिंकून दिली. वर आल्यावर मैदानापेक्षा थकलेल्या पगारांचीच चर्चा जास्त झाली आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस तो निघून गेला. संघ २४ सामन्यांत १३ गुणांसह तेराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. चेर्निशोव्ह या पातळीचा नव्हता, असं कुणी म्हणेल. म्हणावं, पण त्या मोसमातले दोनच विजय, चेन्नईयिन आणि बंगळुरूविरुद्धचे, दोन्ही त्याच्याच काळातले आहेत. ज्या क्लबात पगार वेळेवर होत नाही तिथे प्रशिक्षकाची पातळी मोजण्याचा गज आणायचा कुठून?

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो, कारण तो पंजाबच्याच आकड्यांतून येतो. २०२३-२४ नंतर व्हर्गेटिस आणि क्लब वेगळे झाले, आणि पानागिओटिस दिलंपेरिस हा दुसरा ग्रीक आला. २०२४-२५ मध्ये संघाने २४ सामन्यांत २८ गुण मिळवले. सामन्यामागे हिशेब काढला तर १.०९ वरून १.१७. मग बदल फळला ना? क्रमांक पाहिला तर संघ आठव्यावरून दहाव्यावर गेला, आणि क्रमांकाचीच भाषा बोलणाऱ्यांना ही अधोगती दिसायला हवी. मी मात्र दोन्ही आकड्यांना फार भाव देणार नाही. विजय सहाचे आठ झाले, पराभव दहाचे बारा. तलालसारखा मोहरा ईस्ट बंगालला गेला, बरेच खेळाडू बदलले. प्रामाणिक वाचन इतकंच की संघ जिथे होता साधारण तिथेच राहिला. माणूस बदलून जागा बदलली नाही, आणि एका प्रशिक्षकाने दिल्लीतल्या पहिल्या हिवाळ्यात मोजलेली किंमत देऊन जे शिकून घेतलं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. दुसरा मोसम व्हर्गेटिसला मिळायला हवा होता, असं माझं आजही मत आहे. त्याने काय केलं असतं हे सिद्ध करता येणार नाही, हे मान्य.

संयमाची फळं बघायची असतील तर युरोपात जायचं कारण नाही, गोव्यात जावं. धेंपो स्पोर्ट्स क्लबने २००० साली आर्मांद कुलासोंना प्रशिक्षक नेमलं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं २००५ मध्ये. आजच्या हिशेबाने तोवर त्यांची दोन-तीनदा गच्छंती झाली असती. पुढे २००७, २००८, २०१० आणि २०१२. एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदं एकाच माणसाच्या हाताखाली. कुलासो २०१३ मध्ये गेले आणि २०१५ मध्ये धेंपो आयलीगमधून घसरला. गोव्यातलाच चर्चिल ब्रदर्स मला लगेच उलट दाखला म्हणून दाखवला जाईल, आणि दाखवावाच. त्यांनी २००९ मध्ये झोरान जोर्जेविचच्या आणि २०१३ मध्ये मारियानो डायस व सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखाली आयलीग जिंकली. माणसं वेगवेगळी, चषक तोच. परंतु २०१३ चा हा विजेता पुढच्या एका मोसमानंतर आयलीगच्या बाहेर गेला. बदलत्या प्रशिक्षकांवर चषक जिंकता येतो, घर उभं राहत नाही, इतकाच मला त्याचा अर्थ लागतो. जिंकतो म्हणून टिकतो की टिकतो म्हणून जिंकतो, हा कोंबडी-अंड्याचा वाद कुलासोंच्या बाबतीत तरी चालत नाही, कारण त्यांच्या टिकण्याची पहिली वर्षं राष्ट्रीय विजेतेपदाविना गेली. तो धडा धेंपोच्या आजच्या कारभाऱ्यांना पाठ दिसतो. त्याच कुलासोंच्या संघाचा बचावपटू समीर नाईक प्रशिक्षक असताना धेंपो २०२४ मध्ये आयलीगमध्ये परतला, क्लबाने त्याला हलवलं नाही आणि संघ तिथे टिकला. धेंपोबरोबर वर आलेला स्पोर्टिंग क्लब बंगळुरू वर्षभरात खाली गेला.

राहता राहिला घसरणीच्या भीतीचा मुद्दा. आयलीगमध्ये ती भीती खरी आहे. सुदेवा दिल्ली आणि मुंबई केंकरे २०२३ मध्ये एकदमच खाली गेले, आणि त्याच वर्षी वर आलेला दिल्ली एफसी २०२५ मध्ये. पंजाब आणि मोहम्मेडन यांच्या पहिल्या मोसमांत मात्र सुपर लीगमध्ये घसरण नव्हतीच. आठवा आला काय नि तेरावा आला काय, पुढच्या वर्षी जागा राखलेली. इंग्लंडमधला मालक निदान कोट्यवधी पौंड बुडण्याच्या धास्तीने प्रशिक्षकाला काढतो. ते चुकीचं असेल, पण समजू शकतं. जिथे पडण्याची भीतीच नाही तिथे घाईला नाव काय द्यायचं? घसरण नसेल तर प्रयोग करायलाही हरकत नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर, पण मग तो प्रयोग संयमाचा का नको?

प्रशिक्षकाला कधीच काढू नये असा याचा अर्थ नाही. खेळाडू त्याचं ऐकेनासे झाले, अकादमीतली मुलं मोसमभर बाकावर बसून राहिली, किंवा मागितलेले खेळाडू देऊनही खेळ तसूभर सुधारला नाही, तर त्याला निरोप द्यावा आणि तो मोसम संपल्यावर द्यावा. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला ओरडण्याचा हक्क आहे आणि तो त्याने जरूर बजावावा. फक्त ती आरोळी कुणाला ऐकू जायला हवी, याचा विचार व्हावा. २०२५ मध्ये हैदराबाद एफसी राजधानीत येऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला, त्यामुळे द्वारकेच्या फुटबॉलप्रेमींकडे आता दिल्लीच्या नावाचाही संघ आहे. पुढचा पराभव होईल तेव्हा प्रशिक्षकाच्या नावाने फलक लिहिण्याआधी मालकांना तीन गोष्टी विचारा. खेळाडूंचे पगार वेळेवर झाले का, प्रशिक्षकाने मागितलेले खेळाडू दिले का, आणि पुढच्या मोसमात घरचं मैदान कोणतं?