राखेच्या विटा आणि थकलेली बिलं

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ. राज्यात कोळशावर वीज तयार होते त्या गावांच्या आसपास राखेच्या विटा पाडणारे छोटे कारखाने उभे राहिले आहेत. एक मिक्सर, एक प्रेस, विटांवर पाणी मारायला मोकळी जागा आणि हाताशी थोडे मजूर, एवढ्यावर हा धंदा चालतो. भट्टी पेटवावी लागत नाही, शेताची कसदार माती खरवडावी लागत नाही. एरवी तलावात साचणारी, उन्हाळ्यात घरांवर आणि पिकांवर उडणारी राख भिंतीत बसते.

तरीही या धंद्यात पैसा घालणारा माणूस पर्यावरणाच्या ओढीने आला, असं मानणं भाबडेपणाचं आहे. रोज राख श्वासात घेणाऱ्या गावात त्या राखेचं काहीतरी चांगलं व्हावं असं वाटतंच, आणि ती भावना खोटी नाही. पण मशीनसाठी कर्ज काढायचं ते गिऱ्हाईक दिसत असेल तरच.

ते गिऱ्हाईक सरकारी आदेशांनी उभं केलं. १९९९ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणं बंधनकारक केलं. पुढच्या सुधारणांनी सरकारी आणि खासगी बांधकामांवर राखेच्या विटा वापरण्याची सक्ती आली. २००९ च्या आदेशाने किमान २० टक्के कोरडी राख वीट उत्पादकांना प्राधान्याने आणि फुकट देण्यास सांगितलं. २०१६ मध्ये वापराची कक्षा ३०० किलोमीटरपर्यंत वाढली, शिवाय पहिल्या १०० किलोमीटरचा राखेचा वाहतूक खर्च वीज केंद्रांवर टाकला गेला. महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतःचं राख वापर धोरण आणलं. कच्चा माल स्वस्त आणि मागणी कायद्याने बांधलेली, असा हिशेब छोट्या उद्योजकाला पटकन कळतो.

अडचण पुढे येते, ती पैशांची. लघुउद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते (सुरुवातीला हे प्रमाण २० टक्के होतं). त्यांना निविदा अर्ज फुकट मिळतो, बयाणा रक्कम माफ असते. या सवलती मोलाच्या आहेत, पण त्या निविदा भरणाऱ्याच्या. वीटवाला शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या इमारतीची निविदा भरत नाही. तो कंत्राटदाराला माल देतो. कंत्राटदाराचं बिल सरकारकडे अडकलं की वीटवाल्याचंही अडकतं. थकीत बिलांसाठी राज्यातले कंत्राटदार २०२५ मध्ये रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पुरवठादारांची चर्चा फारशी झाली नाही.

कायदा वीटवाल्याच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचं. तक्रारीसाठी सुविधा परिषदही आहे. पण ज्या कंत्राटदाराला पुढच्या हंगामात पुन्हा विटा विकायच्या आहेत, त्याच्यावर तक्रार कोण करणार? मजुरांचा पगार मात्र दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि खेळतं भांडवल संपलं की प्रेस बंद पडते.

हरित खरेदीवरच्या चर्चांमध्ये उद्योजकांच्या जाणीवजागृतीवर भर असतो. कार्यशाळा जरूर व्हाव्यात, पण राखेच्या विटेचा फायदा काय हे वीटवाल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. त्याला हवी आहे ती पैसे वेळेवर मिळण्याची खात्री. सार्वजनिक बांधकाम विभागाने कंत्राटातच अट घालावी: राखेच्या विटांचा हप्ता वेगळा दाखवायचा, वीटवाल्याला पैसे पोचल्याची पावती जोडली तरच कंत्राटदाराचं पुढचं बिल मंजूर करायचं. आणि ही अट घालणाऱ्या विभागाने कंत्राटदाराचं आधीचं बिलही मुदतीत चुकतं करायचं. याची सुरुवात चंद्रपूर किंवा नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी इमारतींपासून करता येईल. राख तिथेच आहे आणि ती वापरणारे कारखानेही.