गाडीची भूक

सर्व्हिसिंग करून आणलेली आमची गाडी दिसू लागली छान. पण लिटरला १७ किलोमीटर जाणारी ती एकदम १४ वर आली.

"२० टक्के इथेनॉलचा प्रताप!" मी म्हटले. "त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी. आपल्या जिल्ह्यातला ऊस आता टाकीतही शिरला."

"अहो, पण सर्व्हिसिंगच्या आधीही हेच पेट्रोल होते की!" सौ. म्हणाली.

खरेच होते. मग माझा संशय चिरंजीवांवर गेला. नगरला जातो म्हणून सांगून स्वारी कुठे भटकते? जेवतानाच विचारले. तो ताटावरून उठला.

रविवारी मी पाथर्डीहून भिंगारला परतलो. उतरताना सहज मागच्या चाकाला हात लागला, तो चटकाच बसला! पुढची चाके मात्र कोमट. शेजारचे निवृत्त सुभेदार जॅक घेऊन आले. हँडब्रेक सोडलेला, तरी मागचे चाक हाताने फिरेना.

"सर, तार फाजील आवळलीय. इंजिन ओढतंय, ब्रेक धरतोय. पेट्रोल या भांडणात जळतंय."

त्यांनी तार सैल केली. पुढे दोनदा टाकी काठोकाठ भरून हिशेब केला, पुन्हा १७!

रात्री मी गाडीची किल्ली चिरंजीवांपुढे ठेवली.

"नको बाबा," तो म्हणाला, "मी रिक्षाने जातो."