विज्ञानकथेच्या वाचकाचे घर कोणते?

मराठी समाजाला संमेलनांची वाण कधीच पडलेली नाही. अखिल भारतीय साहित्य संमेलन आहे, नाट्य संमेलन आहे. ग्रामीण, दलित आणि बाल साहित्याची संमेलने आहेत. पलूस तालुक्यातील औदुंबर येथे तर कवी सुधांशु आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने स्वातंत्र्यपूर्व काळात सुरू झालेले सदानंद साहित्य संमेलन मकरसंक्रांतीच्या दिवशी भरते, आणि आसपासच्या गावांतील माणसे तिळगूळ घेऊन तेथे साहित्य ऐकावयास जातात. असे असताना आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे ज्याने निष्ठेने विज्ञानकथा वाचली, त्या वाचकाला मात्र हक्काने जाऊन बसावे असे एकही ठिकाण नसावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हा वाचक कोण? तो केवळ पुण्या-मुंबईत राहतो असे समजण्याचे कारण नाही. कुंडलसारख्या गावात तो माध्यमिक शाळेचा शिक्षक असतो, साखर कारखान्यातील अथवा सहकारी संस्थेतील कारकून असतो. गावच्या वाचनालयात आलेले ‘नवल’चे आणि ‘किर्लोस्कर’चे अंक त्याने विद्यार्थिदशेत वाचलेले असतात. नारायण धारप, जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावे त्याला आप्तेष्टांसारखी परिचित असतात. दिवाळी अंक हाती पडताच तो प्रथम अनुक्रमणिकेत विज्ञानकथा शोधतो. साहित्य संमेलन जवळपास असले, म्हणजे रजा टाकून जातो, ग्रंथप्रदर्शनात तासन्‌तास उभा राहतो आणि चार पुस्तके घेऊन रात्रीच्या गाडीने परततो. ज्याच्याशी या पुस्तकांविषयी मनसोक्त बोलावे असा दुसरा माणूस त्याला त्या प्रचंड गर्दीत भेटतोच असे नाही. तसा माणूस कदाचित शेजारच्याच गाळ्यासमोर उभा असतो. पण दोघांची ओळख होण्याची सोय नसते.

वस्तुत: या प्रदेशाचे विज्ञानकथेशी नाते फार जुने आहे. टेंभू म्हटले की आज उपसा जलसिंचन योजना आठवते, किंवा आगरकरांचे जन्मगाव म्हणून त्याचे स्मरण होते. ‘केरळकोकिळ’कार कृष्णाजी नारायण आठल्ये हेही त्याच टेंभूचे. कोचीनहून चालविलेल्या आपल्या मासिकातून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर मराठी वाचकांपुढे ठेवले. मनुष्य प्रत्यक्ष चंद्रावर उतरला तो १९६९ मध्ये. मराठी वाचक कल्पनेने तेथे अर्धशतकाहून अधिक काळ आधी जाऊन आला होता. पुढे १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. नांगर आणि पंप यांच्या कारखान्याने मासिक काढावे आणि त्या मासिकाने महाराष्ट्राला विज्ञाननिष्ठ विचारांची गोडी लावावी, हा प्रकारच मुळात एखाद्या विज्ञानकथेत शोभणारा होता.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णु नारळीकर यांच्या आद्याक्षरांचा उलटा क्रम होता. आपले अक्षर परीक्षकांनी ओळखू नये म्हणून त्यांनी कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञाला असे का करावेसे वाटले? लेखकाच्या कीर्तीवर नव्हे तर कथेच्या गुणावर निर्णय व्हावा, ही त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाड येथे भरलेल्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या प्रयत्नाची आवर्जून दखल घेतली, आणि ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांना आणखी लिहिण्याचा आग्रह केला. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. कऱ्हाडचे व्यासपीठ आणि किर्लोस्करवाडीत जन्मलेले मासिक, या दोहोंचा आधार मराठी विज्ञानकथेला तिच्या उमेदीच्या काळात लाभला, हे कृष्णाकाठाने विसरता कामा नये.

असे असूनही विज्ञानकथेचा वाचक आज दोन घरचा पाहुणा राहिला आहे. साहित्य संमेलनात त्याच्या वाट्याला फार तर एखादा परिसंवाद येतो, आणि ‘विज्ञानकथा हे साहित्य आहे काय?’ हाच प्रश्न तेथे पुन:पुन्हा चघळला जातो. विज्ञान परिषदेच्या वार्षिक अधिवेशनात त्याचे स्वागत होते. परंतु तेथे कथेकडे प्रामुख्याने विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहिले जाते. एका घरी कथेत विज्ञान जास्त झाले म्हणून नाक मुरडले जाते, दुसऱ्या घरी ते कमी पडले म्हणून. नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. प्रकृतीमुळे ते तेथे उपस्थित राहू शकले नाहीत. तो बहुमान यथायोग्यच होता. मात्र एका थोर लेखकाचा गौरव झाल्याने हजारो वाचकांना बसावयास जागा मिळते, असे नाही.

इतरत्र काय घडले ते पाहावे. अमेरिकेत १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली. पत्ते मिळताच वाचक एकमेकांना लिहू लागले, गावोगावी मंडळे निघाली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. जमलेली माणसे सुमारे दोनशे, आणि संयोजक म्हणजे विशी-पंचविशीतील वाचक! १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार या संमेलनाचे सभासद स्वत: मत देऊन ठरवितात. आपल्याकडे कोलकात्यात १९६३ मध्ये अद्रीश वर्धन यांनी ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले आणि १९६६ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली विज्ञानपटांच्या रसिकांचे मंडळ स्थापन झाले. त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद जन्मास आली. परिषदेने मोठे कार्य केले, यात शंका नाही. परंतु बंगाली रसिकांनी आपल्या आवडीसाठी मंडळ काढले आणि मराठी शास्त्रज्ञांनी लोकांना शिकविण्यासाठी परिषद काढली, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. मराठीत विज्ञानकथेचे लेखक घडविण्याची योजना झाली. वाचकांना एकत्र आणण्याची झाली नाही.

याचे परिणाम निव्वळ भावनिक नाहीत. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, विखुरलेली मागणी बाजाराला दिसत नाही. प्रत्येक तालुक्यात पंचवीस वाचक असले तरी ते एकमेकांना आणि प्रकाशकाला अज्ञात असतील, तर प्रकाशकाच्या लेखी ते शून्यच. मग प्रकाशक जुन्या संग्रहाची नवी आवृत्ती काढण्यास धजत नाही, दिवाळी अंकाचा संपादक विज्ञानकथेची पाने कमी करतो, नवा लेखक दुसऱ्या वाटेला लागतो, आणि ‘वाचकच नाहीत’ हे भाकीत खरे ठरते. वर्षातून एक दिवस हेच वाचक एका मांडवाखाली आले, त्यांनी पुस्तके खरेदी केली, पुन्हा छापावयाच्या पुस्तकांची यादी केली, तर त्याच मागणीला तोंड फुटते.

छंदिष्ट माणसांच्या करमणुकीसाठी हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर या कथांच्या स्वरूपातच आहे. पानिपतच्या रणांगणात विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर काय झाले असते, असा प्रश्न नारळीकरांची गंगाधरपंतांची कथा विचारते. मुंबईत बर्फ पडू लागले तर काय होईल, असे त्यांची दुसरी एक कथा विचारते. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा ‘असे कधी होईल असे वाटले नव्हते’ हे वाक्य घरोघर ऐकू आले. जे अद्याप घडलेले नाही त्याचा शांतपणे, तपशिलाने विचार करण्याची सवय समाजाला असावी लागते. विज्ञानकथेचा वाचक ती सवय आयुष्यभर जोपासत आलेला असतो. १९४२ नंतर याच कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्यासारख्यांनी परकी सत्ता असतानाच प्रतिसरकार चालवून दाखविले. नसलेली व्यवस्था आधी मनात उभी करावी लागते, हे या मातीला वेगळे सांगावयास नको.

आता वेळ मात्र थोडा उरला आहे. १९७० च्या दशकात या कथांवर वाढलेली पिढी निवृत्त झाली आहे. तिने जपलेले अंक आणि कात्रणांच्या वह्या माळ्यावरून रद्दीच्या दुकानाकडे निघाल्या आहेत. २० मे २०२५ रोजी नारळीकरही गेले. ज्यांनी ‘कृष्णविवर’ प्रथम वाचले तेव्हाचा थरार सांगू शकतील अशी माणसे आज हयात आहेत. आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांना भेटलेला नाही.

तेव्हा प्रारंभ लहान असावा. कुंडल-किर्लोस्करवाडी परिसरातील वाचनालयांनी आणि शाळा-महाविद्यालयांनी मिळून एखाद्या रविवारी विज्ञानकथेच्या वाचकांचा मेळावा भरवावा. त्यात स्वागताध्यक्ष, शाली-श्रीफळे आणि उद्‌घाटनाची लांबण नसावी. जुन्या अंकांचे प्रदर्शन असावे, विद्यार्थ्यांनी कथा वाचाव्यात, ज्येष्ठांनी त्यांवर बोलावे, आणि वर्षातील उत्तम कथा कोणती ते उपस्थितांनी मतदानाने ठरवावे. अखेरीस प्रत्येकाने आपले नाव आणि पत्ता एका वहीत लिहावा. अमेरिकेतील चळवळ छापलेल्या पत्त्यांवरूनच उभी राहिली. औदुंबरचे संमेलनही कोणा सरकारने दिलेले नाही. गावाने मनावर घेतले म्हणून ते उभे राहिले. विज्ञानकथेच्या वाचकांनी आता मनावर घ्यावे.